भीमराजच्या घरचा लिलाव

प्रभावतीला नको त्या वेळी हसू यायचं. तिच्या लग्नात वंदना चालू असताना भंतेजींच्या चष्म्यावर माशी बसली, तेव्हा ती एवढी हसली की पाहुण्यांना वाटलं नवरी रडतेय, आणि चार बाया तिला समजवायला धावल्या. नवरा भीमराज कंपनीत पर्मनंट झाला ती बातमी ऐकूनही ती हसतच सुटली होती. सासू गिरजाबाई पहिल्या वर्षी तिच्यावर रागवायची. पण रागावलेल्या सासूकडं बघून हिला आणखी हसू फुटायचं, तेव्हा दुसऱ्या वर्षापासून म्हातारीनं नाद सोडला आणि स्वतःच पदरात तोंड लपवून हसायला लागली.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मात्र एक दुपार अशी आली की प्रभावतीचं हसू पार पळालं. तिची लहानगी लेक चिंगी हरवली.

भोसरीत लांडेवाडीजवळ पत्र्याच्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. चिंगी जेवून अंगणात खेळत होती, आणि बघता बघता दिसेनाशी झाली. शेजारच्या विमलबाईनं विहिरीत डोकावून पाहिलं. पोरं ओढ्यापर्यंत जाऊन आली. कुणी पिठाच्या गिरणीत विचारून आलं, कुणी बसथांब्यावर. कंपनीच्या गेटवर निरोप गेला आणि भीमराज ग्रीसचे हात तसेच घेऊन सायकल मारत आला. प्रभावती रस्त्यानं अनवाणी फिरत होती, येईल त्याला विचारत होती, "लाल झबल्यातली पोर बघितली का हो?"

अखेर सगळी हात हलवत घरी परत आली. गिरजाबाईनं कपाळावर हात मारला, "गेली गं माझी चिमणी!" म्हणून मोठ्यानं हंबरडा फोडला, आणि कोपऱ्यातल्या एका जाडजूड वळकटीवर बसकण मारली.

वळकटी म्हणाली, "आजे, ऊठ की!"

गिरजाबाई ताडकन उठली. भीमराजनं वळकटीची दोरी ओढली, आणि गोधड्यांच्या पोटातून घामानं चिंब झालेली चिंगी बाहेर आली. तिथं अंधार होता आणि मऊ होतं, म्हणून ती सरकत सरकत आत शिरली होती आणि झोपून गेली होती.

प्रभावती पोरीला छातीशी धरून रडायला लागली. रडता रडता तिला सासूचं ते बसणं आठवलं आणि वळकटीचं ते बोलणं आठवलं. मग जे हसू सुटलं त्यात अख्खी चाळ हसली. हसू ओसरल्यावर तिनं डोळे पुसले, घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "ही वळकटी कुणाची हाय?"

कुणालाच सांगता येईना.

गोष्ट अशी होती की करमाळ्याकडच्या त्यांच्या गावातून कारखान्यात चिकटलेला भीमराज हा पहिला माणूस. तो चिकटला हे कळल्यावर गावचा जो कुणी नोकरी शोधायला निघे, तो आधी भीमराजच्या घरी उतरे. दुष्काळाच्या सालात तर माणसं रात्री एकमेकांच्या पायांत पाय घालून झोपत. पुढं एकेकाला काम लागलं, कुणी पिंपरीत खोली केली, कुणी चिंचवडला, कुणी दिघीला. जाताना प्रत्येक जण म्हणे, "वहिनी, एवढी ट्रंक राहू द्या, पुढच्या सुट्टीला नेतो." ती पुढची सुट्टी काही उगवली नाही. ट्रंकेवर ट्रंक चढली, त्यावर वळकट्या चढल्या, वळकट्यांवर पितळेची घमेली, चाकं नसलेली सायकल, कुणाच्या रुखवतातलं काचेचं हरीण. बाहेरच्या खोलीत चालायला एक पाऊलवाट तेवढी उरली होती. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालायचा तर भीमराजला दोन ट्रंकांवर चढावं लागे.

"येत्या गुरुवारी घर रिकामं करायचं," प्रभावती म्हणाली. "ज्याचं त्यानं न्यायचं. घराला चुना लावायचा. माझं लेकरू माझ्याच घरात हरवतंय म्हंजी काय?"

"लोकांची अमानत हाय ती," गिरजाबाई म्हणाली. "टाकता येत न्हाई."

"टाकत न्हाई आत्याबाई. माघारी देतेय."

भीमराजनं सगळ्यांना निरोप धाडले. कंपनीतून, चहाच्या टपरीवरून, बाजारात भेटेल त्याच्याकडून. सगळ्यांची उत्तरं एकाच साच्यातली आली. "येतो की भाऊ, घाई काय?" "वहिनीला म्हणावं, आता ओव्हरटाइम चालू हाय, पावसाळ्याआधी नेतो." पावसाळ्याआधी म्हणजे कुठल्या पावसाळ्याआधी ते कुणी सांगितलं नाही.

गुरुवार उजाडला. कारखान्यांच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी, त्यामुळं चाळीत झाडून सगळे बाप्ये घरी होते. प्रभावतीनं पहाटेच चुन्याची बादली कालवली, त्यात निळीची पुडी सोडली, पदर खोचला आणि नवऱ्याला म्हणाली, "उचला."

उचलणं सुरू झालं आणि थांबेचना. पहिल्या तासाला भीमराज उत्साहात होता. दुसऱ्या तासाला चाळीतल्या लोकांना हाका मारायला लागला. समोरच्या मोकळ्या मैदानात ट्रंकांची रांग लागली, तिच्यामागं वळकट्यांची, तिच्यामागं किरकोळ चिजांचा ढीग. दोन खोल्यांतून एवढा पसारा निघतो यावर बघणाऱ्यांचा विश्वास बसेना. विमलबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, तुम्ही इतकी वर्षं राहत होता तरी कुठं?"

गिरजाबाई ढिगाच्या मध्यभागी, एका जात्यावर, राखणीला बसली.

रस्त्यानं जाणारा येणारा थांबायला लागला. सायकलवरून दिघीकडं निघालेला एक ओळखीचा कामगार पाय टेकवून म्हणाला, "काय राव भीमराज, हे काय?"

भीमराज घामानं निथळत होता, डोक्यावर ट्रंक होती. अशा वेळी माणसाला थट्टा सुचते. तो म्हणाला, "लिलाव हाय."

"लिलाव?"

"व्हय. संध्याकाळपर्यंत सगळं फुकून टाकायचं. ज्याला पायजे त्यानं बोली लावावी."

तो कामगार पुढं गेला. त्यानं टपरीवर चहा घेतला आणि ही बातमी तिथं ठेवली. टपरीवरून ती सायकलींवर बसून चारी दिशांना निघाली, आणि जाता जाता जाडजूड होत गेली. चिंचवडला पोचली तेव्हा भीमराजची नोकरी गेली होती. दिघीत पोचली तेव्हा तो बिऱ्हाड मोडून गावी निघाला होता आणि लोकांच्या ट्रंका विकून गाडीभाडं उभं करत होता.

इकडं मैदानात खरोखरीची गिऱ्हाइकं यायला लागली. एकानं पितळी घमेलं वाजवून पाहिलं. एक बाई काचेचं हरीण उन्हात धरून म्हणाली, "ह्याचं शिंग मोडलंय, कमी करा." भीमराजला चेव आला. तो ट्रंकेवर उभा राहून ओरडायला लागला, "बोला, बोला! गावाकडची वळकटी! हिच्यात पोरगी झोपली तर दिवसभर उठत न्हाई!" लोक हसत होते. प्रभावती आत छताजवळ, एकावर एक ठेवलेल्या दोन पाटांवर उभी राहून चुना मारत होती. बाहेरचं ऐकून तिलाही हसू येत होतं, आणि हसली की कुंचल्यातला चुना तिच्याच तोंडावर पडत होता.

दुपार चढली तसे खरे मालक धापा टाकत पोचायला लागले.

पहिला आला दत्तोबा. हा बँडमध्ये वाजवायचा आणि आठवडाभर गिरणीत हमाली करायचा. तो लांबूनच ओरडत आला, "माझा कर्णा! माझा कर्णा विकू नका!" ढिगातून त्यानं पितळेचा तो वेटोळ्यांचा मोठा कर्णा ओढून काढला आणि मुलासारखा पोटाशी धरला.

गर्दीतला एक अनोळखी माणूस म्हणाला, "कशावरून तुझा? मी बोली लावलीय. वाजवून दाखव."

दत्तोबानं छाती भरून घेतली आणि कर्णा फुंकला. आधी धूळ आली. मग एक झुरळ आलं. मग दुसरं आलं, आणि त्याच्यामागून असा जंगी सूर निघाला की चाळीतली कुत्री पत्र्यावर चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रभावती आतून धावत बाहेर आली आणि दारातच पोट धरून खाली बसली. ती बोलणारी वळकटीही दत्तोबाचीच निघाली. ती त्यानं खांद्यावर टाकली आणि भीमराजला म्हणाला, "तू भोसरी सोडून चाललास, मला सांगितलं न्हाईस?"

"कोण चाललंय?"

"दिघीपर्यंत बोंब हाय!"

भीमराजनं डोक्याला हात लावला. एवढे निरोप पाठवून जे झालं नाही, ते एका थट्टेनं झालं होतं. एकामागून एक माणसं येत होती, आपापली ट्रंक ओळखत होती, आणि तेवढ्यात शेजारच्या ट्रंकेवर हात ठेवून उभ्या असलेल्या जुन्या सोबत्याला ओळखत होती. "अरं, तू इथंच असतोस?" "फाउंड्रीत हाय की, दोन वर्षं झाली!" एका अंथरुणात दोघं झोपलेले, पण कामाला लागल्यापासून एकमेकांना भेटले नव्हते. आता ते ट्रंकांवरच बसून गप्पा मारायला लागले. कुणी निघायचं नाव घेईना.

त्या गडबडीत प्रभावतीची नजर ढिगाच्या मध्यावर गेली. गिरजाबाई बसली होती, पण जात्यावर नव्हती. कलिंगडांच्या राशीवर टेकून बसली होती. हिरवीगार, पट्ट्यापट्ट्यांची, एकेक घागरीएवढं कलिंगड.

"आत्याबाई, जातं कुठाय?"

"दिलं."

"कुणाला?"

"आला हुता एक गाडीवान. चऱ्होलीचा. पोरीची आज हळद हाय म्हणाला. घरोघर गिरण्यांचं पीठ, गावात धड जातं उरलं न्हाई. त्याची म्हातारी अडून बसलीय, जात्यावर दळल्याबिगर हळद लावू देत न्हाई. लग्नाघरचं माणूस हात जोडून मागतंय, न्हाई कसं म्हणू? उसनं दिलं. तर त्यानं गाडीतली कलिंगडं वतली हिथं. नदीच्या वाळूतली हायती, गोड असणार."

"नाव काय त्याचं?"

गिरजाबाई विचारात पडली. "ते न्हाई इचारलं. पर माणूस चांगला. जय भीम म्हणाला."

ते जातं मंजुळाबाईचं होतं. मंजुळाबाई ही भीमराजची लांबची मावशी. नवरा गेल्यावर गावची झोपडी मोडून ती इकडं आली, आणि येताना भांडीकुंडी सगळी वाटून टाकून एवढं एक जातं एसटीच्या टपावर घालून आणलं. आता ती दिघीला साहेबलोकांच्या घरी स्वयंपाक करायची, एकटी राहायची. भेटायला आली की चहा घ्यायच्या आधी कोपऱ्यात जाऊन जात्यावर हात ठेवून यायची. "न्या की मावशी," म्हटलं तर म्हणायची, "माझ्या खोलीत जागा कुठाय? आणि दळायचं तरी कुणासाठी?"

"अहो!" प्रभावती ओरडली. "मावशीचं जातं गेलं! बातमी दिघीत पोचलीय, म्हंजी मावशी आता वाटंवर असणार!"

त्याच वेळी ज्योतीराम सायकलवरून आला. हा गावचा पैलवान. आता फाउंड्रीत होता, पण मान अजून तशीच खांद्यात रुतलेली. जत्रेत जिंकलेली त्याची गदा या घरात होती आणि तिच्या काळजीनं तो चिंचवडहून एका दमात आला होता. त्यानं ढिगातून गदा काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि म्हणाला, "वहिनी, हिच्यासाठी मी—"

"भाऊजी, सायकल वळवा!" प्रभावती म्हणाली आणि कॅरिअरवर बसली.

"कुठं?"

"दिघीच्या रस्त्याला! चऱ्होलीची बैलगाडी गाठायची!"

"आणि गदा?"

"द्या माझ्याकडं!"

ज्योतीरामनं गदा तिच्या हातात दिली आणि पायडल मारलं. कॅरिअरवर ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती. पैलवानाच्या त्या पाठीमागून पुढचं काही दिसत नव्हतं. केसांत चुना, भुवयांवर चुना, खोचलेला पदर सुटून वाऱ्यावर, आणि खांद्यावर गदा. रस्त्यावरची माणसं बाजूला होऊन बघत होती. टपरीवरचा एक जण उभा राहून ओरडला, "वहिनी, कुणाला मारायला चाललाय?" प्रभावतीला उत्तर द्यायचं होतं, पण खड्ड्यात सायकल उडाली, तिच्या तोंडून नुसतं "हिक्" एवढंच आलं, आणि मग तिला जे हसू लागलं ते काही केल्या आवरेना. ती हसली की सायकल डावीकडं जायची. ज्योतीराम ओरडायचा, "वहिनी, हसू नका, तोल जातोय!" त्यावर ती आणखी हसायची.

लष्कराच्या तारेच्या कुंपणाला लागून उतार सुरू झाला आणि पुढं बैलगाडी दिसली. धुळीत संथ चाललेली, मागं जात्याच्या दोन दगडी तळ्या पोत्यावर ठेवलेल्या.

"ओ गाडीवान! थांबा!" प्रभावतीनं हाक दिली आणि नीट दिसावं म्हणून गदा वर केली.

गाडीवानानं मागं वळून पाहिलं. त्याचं नाव धोंडीबा. सकाळपासून लग्नघरातली धावपळ, वरून ऊन. त्याला दिसलं ते असं की एक भला दांडगा पैलवान उतारानं सुसाट येतोय आणि त्याच्या डोक्यावरून एक पांढरीफटक बाई गदा उगारून किंचाळतेय. धोंडीबानं पुढचा मागचा विचार केला नाही. त्यानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. बैल जे उधळले ते धुरळा करत सुटले.

"थांबा हो! जात्याचं काम हाय!"

"हँऽऽ! हँऽऽ!" धोंडीबा बैलांना ओरडत होता.

गाडी पुढं, सायकल मागं. ज्योतीरामची चेन करकरत होती. प्रभावतीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं, त्यात चुना कालवला जाऊन गालांवर ओघळ आले होते, त्यामुळं ती आणखीच भयंकर दिसत असणार. आणि एकाएकी पुढं बैल थबकले. रस्त्याच्या मधोमध एक हडकुळी म्हातारी दोन्ही हात पसरून उभी होती.

ती मंजुळाबाई होती. लिलावाची बातमी कानावर पडल्यावर साहेबांच्या घरची फोडणी तशीच टाकून ती भोसरीला निघाली होती. समोरून बैलगाडी आली, गाडीत जातं दिसलं, आणि तिनं ते लांबूनच ओळखलं. खुंट्याला नवऱ्यानं बसवलेली लोखंडी पट्टी उन्हात चमकत होती.

"उतर खाली," ती धोंडीबाला म्हणाली. "चोरा!"

"मी चोर न्हाई मावशे! एका म्हातारीनं हातानं दिलंय!" धोंडीबा काकुळतीला आला. "मागनं ती बाई बघ, गदा घिऊन आलीय!"

तेवढ्यात सायकल येऊन पोचली. ज्योतीरामचे ब्रेक लागले नाहीत म्हणून ती गाडीच्या मागच्या फळीला टेकूनच थांबली. प्रभावती उतरली. तिला सगळं समजावून सांगायचं होतं, पण एका बाजूला हात जोडलेला धोंडीबा, दुसऱ्या बाजूला हात पसरलेली मावशी, मध्ये कान टवकारलेले बैल. ती गदेवर भार देऊन खाली बसली आणि हसत सुटली. शेवटी ज्योतीरामनंच सांगितलं, तेही निम्मं चुकीचं.

प्रकार ध्यानात आला तसा धोंडीबा डोक्याचं पागोटं काढून वारा घेत म्हणाला, "मला वाटलं लावसट हाय, भरदुपारचं भूत!" आणि तोही हसायला लागला. फक्त मंजुळाबाई हसली नाही. तिनं जात्यावर हात ठेवला.

"माये," धोंडीबा तिला म्हणाला, "तुझं हाय, तू म्हणशील तसं. खाली उतरवून देतो. पर माझी म्हातारी मांडवात बसलीय, पाणी सुद्धा पीत न्हाई."

मंजुळाबाईनं खुंट्यावरची पट्टी चाचपून पाहिली. मग म्हणाली, "हळदीला पायजे?"

"व्हय."

"मग मला घाल गाडीत. जातं एकटं जायचं न्हाई."

अशी सगळीच चऱ्होलीला निघाली. गाडीत मंजुळाबाई आणि प्रभावती, मागं सायकलवर ज्योतीराम, गदा पुन्हा त्याच्या खांद्यावर.

धोंडीबाच्या दारात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव होता. लग्न दुसऱ्या दिवशी विहारासमोर, वंदना म्हणून, अगदी साधं व्हायचं होतं. मुलाकडच्या शिकलेल्या लोकांना हळदच नको होती. पण धोंडीबाची आई सुभद्राबाई म्हणाली होती, माझ्या नातीला पिवळी बघितल्याबिगर मी मांडवातून उठत नाही, आणि गिरणीची हळद मला चालत नाही. तिच्यापुढं कुणाचं काही चाललं नव्हतं.

जातं मांडलं. पोतं अंथरलं. हळकुंडं आणली. बाया गोळा झाल्या. मंजुळाबाईनं खुंटा ठोकून घट्ट करून दिला, तळीवरची धूळ पदरानं पुसली, आणि उठून मांडवाच्या कडेला खांबापाशी जाऊन उभी राहिली.

सुभद्राबाईनं तिच्याकडं पाहिलं. "तिकडं कुठं चाललीस? ये, बस."

"न्हाई बाई," मंजुळाबाई खाली बघत म्हणाली. "मी अशी. शुभकार्याला हात नको लावाया."

"अशी म्हंजी कशी?" म्हातारी म्हणाली. "मी बी अशीच हाय. दीक्षा घेतली तवाच ते सगळं नदीला सोडलं न्हवं? जातं कुणाचं?"

"माझं."

"मग पहिली मूठ कुणाची?"

मंजुळाबाईनं खांब आणखी घट्ट धरला. प्रभावती उठली आणि तिनं मावशीचा हात धरला. तिनं तिला आणून जात्यापाशी बसवलं आणि स्वतः समोर बसली. दोघींनी खुंटा धरला. आधी दगड अडखळला; इतकी वर्षं कोपऱ्यात पडून त्याच्या अंगात सुस्ती शिरली होती. मग घरघर सुरू झाली. पिवळी भुकटी पोत्यावर झरायला लागली, आणि मंजुळाबाईचा गळा आपोआप उघडला. तिनं जागच्या जागी ओवी जुळवली:

"सायकलीवरून आली गं बाई, भीमराजाची राणी,
हाती गदा, तोंडाला चुना, बैलं प्याली न्हाईत पाणी!"

मांडव हसण्यानं भरून गेला. प्रभावतीच्या हातून खुंटा सुटला. कुणीतरी तिच्या चुन्याच्या गालांवर ओली हळद फासली. मग काय, नवरीच्या आधी तिलाच पिवळी करून सोडली. ज्योतीराम पळायला लागला तर चार पोरींनी त्याला मांडवाच्या मेढीशी गाठला. पैलवान असून तो हरला. गदासुद्धा पिवळी झाली. सुभद्राबाईनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि सगळ्यांत शेवटी बोट हळदीत बुडवून मंजुळाबाईच्या कपाळावर ओढलं. मंजुळाबाई रडली, पण हळद वाळेपर्यंतच. मग तिनं पुढची ओवी धरली, ती धोंडीबाच्या घाबरण्यावर.

जातं त्या लग्नानंतर दिघीला मंजुळाबाईच्या खोलीत गेलं, पण तिथं ते फारसं टिकलं नाही. सुभद्राबाईनं गावभर सांगितलं होतं. त्या उन्हाळ्यात चऱ्होली, दिघी, भोसरी, जिथं हळद असेल तिथं गाडी यायची, आणि मंजुळाबाई जात्याशेजारी बसून निघायची. जातं हवं तर ओव्या म्हणणारीही सोबत येणार, असा तिचा करारच होता.

हळदीच्या त्या दिवशी, दिवस मावळायला आला तेव्हा धोंडीबानं प्रभावतीला भोसरीच्या रस्त्याला सोडलं. ती चाळीत शिरली तर मैदानात ट्रंका उरल्या नव्हत्या, नुसत्या कलिंगडाच्या साली होत्या. ज्यांनी त्यांनी आपापलं सामान नेलं होतं, पण जाण्याआधी सगळी कलिंगडं कापून खाल्ली होती, दत्तोबाला पुन्हा पुन्हा कर्णा वाजवायला लावला होता, आणि पुढच्या गुरुवारी याच मैदानात भेटायचं ठरवून माणसं पांगली होती. विमलबाई झाडू मारता मारता प्रभावतीला बघून किंचाळली.

"अगं, सकाळी पांढरी हुतीस, आता पिवळी कशी?"

प्रभावतीनं नुसता हात हलवला. बोलायला लागली असती तर हसू आलं असतं, आणि बरगड्या आधीच दुखत होत्या.

ती दारात उभी राहिली. आतल्या खोलीला चुना लागला होता, बाहेरच्या खोलीची एक भिंत निम्मी राहिली होती. पण पाऊलवाट नव्हती. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नुसती फरशी होती. तसबिरीला ताजा हार होता आणि तो घालायला भीमराजला कशावर चढावं लागलं नव्हतं. गिरजाबाई खोलीच्या बरोबर मधे हातपाय ताणून पडली होती. तिच्याभोवती चिंगी गोल गोल पळत होती.

"जातं?" भीमराजनं घाबरत विचारलं.

"मावशीपाशी," प्रभावती म्हणाली, आणि थांबली. तिचा आवाज भिंतीवर आपटून परत आला होता. "पाशी," असं कुणीतरी खोलीत म्हणालं.

"हे कोण बोललं?" गिरजाबाई उठून बसली.

"बोललं," भिंत म्हणाली.

चिंगीनं डोळे मोठे केले आणि जोरात ओरडली, "ओ!" भिंतीनं ओ दिली. मग भीमराज ओरडला, "कोण हाय रं तिकडं?" गिरजाबाईनं थोडा वेळ दम धरला, दाराकडं पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि ठेवणीतल्या आवाजात, कुत्रं हाकलतात तशी, "हाऽऽड!" म्हणून आरोळी ठोकली. रिकामं घर दणाणलं. पिवळी प्रभावती चौकटीला धरून हसत हसत खाली सरकली, आणि मग तीही आत जाऊन सगळ्यांबरोबर मन मानेल ते ओरडायला लागली.